मामा, टेपच्या बाहेर!

गाडीचा बंपर काढून परत बसवला की दोन-तीन क्लिपा हमखास उरतात. त्या कुठून निघाल्या ते कुणालाच आठवत नाही. गाडी तर नीट चालत असते. मग त्या माझ्या जीन्सच्या खिशात जातात आणि रविवारी आईच्या वॉशिंग मशीनमध्ये खडखडतात. गॅरेजमधले किस्सेही असेच साठतात. मैत्रिणी भेटल्या की मी मूठभर बाहेर काढते. त्या सगळ्या खराडीच्या एसी ऑफिसांत बसतात. हसून हसून लोळतात बिचाऱ्या, कारण त्यांच्याकडे किस्से नसतात, मीटिंगा असतात.

परवा एक गोष्ट लक्षात आली. मी सांगते त्या प्रत्येक किश्शात मूर्ख कुणीतरी दुसरंच असतं. ग्राहक, मालक, नाहीतर आमचे पप्पा. म्हणून आज बाकीचे सांगते. हे मी एरवी सांगत नाही.

*

मी मेकॅनिकल इंजिनिअर. विश्रांतवाडीत आमच्या घरापासून सात मिनिटांवर आपटे सरांचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. तिथे नोकरी धरली तेव्हा पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, न बोलण्यातही शिस्त!

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्या पिढीने हातातला हातोडा सुटावा म्हणून शिक्षण घेतलं. तू शिक्षण घेऊन हातोडा धरणार?"

मी तडकले. "पप्पा, तुमचा जमाना गेला! आता हातोडा कुणी धरत नाही. गाडीला लॅपटॉप लावतात."

त्याच संध्याकाळी मी अंगठ्याला भलंमोठं बँडेज बांधून घरी आले. पप्पांनी पेपर थोडा खाली केला.

"लॅपटॉप पडला का?"

*

वर्कशॉपमध्ये गायकवाड मामा होते. साठी ओलांडलेले, आळंदीच्या बाजूच्या गावातून रोज मोपेडवर येणारे. उदारीकरणानंतर रस्त्यावर नव्या नव्या गाड्या यायला लागल्या, त्या सुमारास आपटे सरांनी शॉप टाकलं आणि पहिला माणूस ठेवला तो मामा. लोखंडी, क्रोम चढवलेल्या बंपरपासून आजच्या प्लास्टिकच्या बंपरपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. शिक्षण सातवी.

मामांची एक पद्धत होती. बंपर काढायला घेतला की ते एका पुठ्ठ्यावर खडूने बंपरचा आकार काढायचे, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर तिथेच खोचायचे. बसवताना पुठ्ठा शेजारी ठेवायचा, बस!

मी पाहिलं आणि हसले. "मामा, ही काय बालवाडी आहे? चित्रं काय काढताय?"

मी सगळं सुधारायला घेतलं. एक स्टीलचा ट्रे आणला. लॅपटॉपवर शीट बनवली. गाडीचा नंबर, तारीख, स्क्रूंची संख्या, सगळं! मामांनी पुठ्ठा निमूटपणे भिंतीला टेकवून ठेवला.

चौथ्या दिवशी माझ्याच कोपराचा धक्का लागून ट्रे उलटला. अकरा स्क्रू जमिनीवर. काही आखूड, काही लांब, दिसायला सगळे भाऊ-भाऊ. त्यातला एक लांब स्क्रू मी आखूड स्क्रूच्या जागी घट्ट पिळला. आतून पत्रा वर आला आणि नव्या कोऱ्या मडगार्डवर पुटकुळीसारखं टेंगूळ उठलं.

मामा शेजारी येऊन उभे राहिले. हात मागे बांधून.

"मॅडम, त्ये शीट उघडा की. बघू काय म्हनतंय."

मी उघडली. शीटवर लिहिलं होतं: स्क्रू, एकूण अकरा.

"बराबर हाय," मामा म्हणाले. "अकराच हायत."

*

मग आपटे सरांनी मला हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. मी सर्टिफिकेट घेऊन परतले ते जणू सीमेवरून परतल्यासारखी! या गाड्यांत जीव जाईल एवढा करंट असतो आणि तो ज्या वायरींतून जातो त्या नारिंगी रंगाच्या असतात. त्यासाठी जाड रबरी हातमोजे मिळाले होते. ते वापरण्याआधी दर वेळी त्यात हवा कोंडून, कानाशी धरून, कुठे बारीक भोक नाही ना ते पाहायचं.

मी सगळ्यांना गोळा करून अर्धा तास भाषण दिलं. "नारिंगी वायर म्हणजे मरण! हात लावला की खलास!" शिवाय भिंतीवर बोर्ड लावला: 'नारिंगी वायरीला हात लावू नये. लावल्यास जबाबदारी आपली राहील.'

दुपारी आपटे सरांनी त्याखाली पेनने भर घातली: 'आपण राहिल्यास.'

दोन दिवसांनी सर ओरडत बाहेर आले. शॉपमध्ये धूळच धूळ, ताज्या रंगावर कण बसलेले. झाडलोट करणाऱ्या लता मावशींनी दोन दिवस व्हॅक्युम क्लीनरला हात लावला नव्हता.

"का हो मावशी?"

मावशींनी लांबूनच बोट दाखवलं. व्हॅक्युम क्लीनरची वायर नारिंगी होती.

"माझी नात पहिलीत आहे साहेब," मावशी म्हणाल्या. "मला इतक्यात नाही जायचं."

सगळे हसले. मीही हसले. पण मावशी दोन दिवस खरोखर घाबरल्या होत्या. त्यांना नीट समजेल असं मी सांगितलंच नव्हतं. मी घाबरवलं होतं, कारण घाबरवताना मला फार भारी वाटत होतं.

*

आमच्याकडे आलेली पहिली प्लग-इन हायब्रिड कोथरूडच्या एका काकांची. म्हणजे गाडी मुलाची, मुलगा कंपनीतर्फे परदेशात, आणि चालवणार काका. ही गाडी पेट्रोलवर चालते, आणि घरी पिन लावून चार्ज केली की बरंच अंतर नुसत्या विजेवरही जाते. काकांनी ती सोसायटीच्या गेटच्या खांबाला घासली होती. पुढचा बंपर डावीकडून लोंबत होता आणि तो पायजम्याच्या नाडीने बांधला होता. पांढऱ्या, स्वच्छ, धुतलेल्या नाडीने!

मी डिकी उघडली. चार्जिंगची केबल कंपनीच्या प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी. सीलसुद्धा फोडलेलं नाही.

"काका, दोन वर्षांत तुम्ही ही एकदाही चार्ज केली नाही?"

"नाही."

"अहो, मग घेतली कशाला? पिन लावायचीच नसेल तर साधी पेट्रोलची घ्यायची ना! तुमच्या पिढीला नवीन काही दिलं की ते प्लास्टिकमध्येच ठेवायचं असतं!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मुली, आमच्या सोसायटीत पार्किंगला एक दिवा लावायचा ठराव पास व्हायला चार वर्षं लागली. माझा चार्जिंगचा अर्ज त्याच्यानंतरचा आहे. दर सभेला उभा राहतो मी. एकटाच." मग खिशातून घडी केलेली दुसरी नाडी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही असू दे. तुमच्याने बंपर बसला नाही तर लागेल."

*

इथपर्यंतचं ठीक. पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

एक विमा कंपनी आमच्या शॉपला अशा गाड्यांचं काम कायमचं देणार होती. अट एकच. कोण माणसं या गाड्या खोलणार त्यांची यादी द्यायची, आणि यादीबाहेरच्याने गाडीला हात लावायचा नाही. आपटे सरांनी ती यादी माझ्याकडे दिली.

"विचार करून लिही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे मुख्य काम हेच. यादीत नाही त्याला मी फार तर गेटवर बसवू शकतो."

त्याच सकाळी मामांनी काकांच्या गाडीच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, उघडा हात घालून चाचपून पाहिलं होतं. मी किंचाळले होते आणि मामा म्हणाले होते, "आवो, हितं नारिंगी कायबी न्हाई, बघूनच घातला हात." मला ते आठवलं. राग आला. मी बाकीच्यांची नावं लिहिली आणि मामांच्या नावापुढे शेरा मारला: अयोग्य. कारणं तीन. वय, शिक्षण, धोक्याची जाणीव नाही. इंग्रजीत. मग शेऱ्याचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि नुसत्या नावांची यादी बोर्डावर लावली.

मामा बोर्डासमोर बराच वेळ उभे होते.

"मॅडम, काय लिव्हलंय त्यात?"

"अजून फायनल नाही मामा," मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी बंपर काढायचा होता. आपटे सर बाहेर गेले होते. मी गाडीभोवती पिवळी टेप लावली. चावी लांब पेटीत. बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर सोडली. हातमोजे फुगवून कानाशी धरले, घातले आणि मोठा करंट तोडणारा प्लग उपसला. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले. एक पायरी चुकवली नाही!

स्क्रू काढले, क्लिपा काढल्या. उजवी बाजू अलगद सुटली. डावी हलेना.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, बाहेरच्या दिशेने ओढा. मी ओढली. जाड मोज्यांत बोटांना काही कळत नाही, वांगी धरल्यासारखं वाटतं. टेपच्या पलीकडे मामा उकिडवे बसून चाकाच्या वरच्या प्लास्टिककडे बघत होते.

"मॅडम, एक स्क्रू ऱ्हायलाय. आत, हिकडं..."

"मामा, टेपच्या बाहेर!"

"भाईरच हाय मी. आवो पन त्यो स्क्रू..."

"मॅन्युअलमध्ये तिथे स्क्रू नाहीये! तुम्हाला वाचता येत नाही, मला येतं!"

पलीकडे चालू असलेला ग्राइंडर बंद झाला. मी दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं.

कडाड्!

बंपर धरून ठेवणारा डावा ब्रॅकेट मधोमध तुटला आणि पार्किंग सेन्सरची वायर मुळातून उपटून आली. तुटलेल्या तुकड्यात तो स्क्रू तसाच होता. आधीच्या कुणा गॅरेजवाल्याने क्लिप मोडल्यावर तिथे आपल्या मनाने मारलेला. मॅन्युअलमध्ये तो असेल कसा! मामांनी आदल्या दिवशी उघड्या हाताने चाचपला होता तो हाच.

चहाच्या वेळेला आपटे सर आले. त्यांनी बंपर पाहिला, ब्रॅकेटचे दोन तुकडे पाहिले.

"कुणाच्या हातून?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी मामा बोलले.

"माझ्या हातनं तुटला, साहेब."

सर मामांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी मोजे काढत होते. एक मोजा काढायला एवढा वेळ लागत नाही.

"बरं," सर म्हणाले. "म्हणजे शेरा बरोबर आहे तर. मामा, एक तारखेपासून गेटवर बसा."

मी मोजे त्यांच्या पिशवीत भरले आणि चेन लावली.

संध्याकाळी मामा मोपेडला किक मारत होते तेव्हा मी त्यांना गाठलं. "मामा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"माझं नाव तसंबी यादीत न्हाई. तुमचं हाय. दोघांचं कशाला घालवायचं?"

"पण यादी... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडम," मामा हेल्मेट घालत म्हणाले, "विंग्रजी वाचता येत न्हाई मला. पन आपलं नाव न्हाई, ह्ये वाचता येतं."

*

तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पप्पांनी पेपर खाली करून दोनदा पाहिलं, विचारलं काही नाही. चौथ्या दिवशी मी आपटे सरांच्या केबिनमध्ये गेले. कबूल करायला गेले होते. तोंडातून निघालं ते असं:

"सर, मामांना ट्रेनिंगला पाठवा."

"कशाला? तूच तर अयोग्य लिहिलंस."

"घाईत लिहिलं."

"घाईत." सरांनी तो शब्द टेबलावर ठेवल्यासारखा उच्चारला. "आणि ब्रॅकेट?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"पाठवू," सर म्हणाले. "पण ट्रेनर चेन्नईचे आहेत, सगळं इंग्रजीत. दुभाषी म्हणून तू बस. मीही येतो, मागे. पास झाले तर यादीत. नाही झाले तर गेट. दुसरी संधी नाही."

मी बाहेर येऊन मामांना सांगितलं. त्यांनी लगेच घरी फोन लावला आणि बायकोला म्हणाले, "आगं, परीक्षा हाय माझी! इस्त्रीचा शर्ट काढ." मला तिथे उभं राहवलं नाही.

*

दोन दिवस मी मामांच्या शेजारी बसून वाक्य न् वाक्य मराठीत सांगितलं. मामा पुठ्ठ्यावर चित्रं काढून घेत होते. या वेळी मी हसले नाही.

शेवटी तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर. हॉलमध्ये तीसेक मेकॅनिक. मागच्या रांगेत हाताची घडी घालून आपटे सर. ट्रेनर प्रश्न विचारणार, मी मराठीत सांगणार, मामांचं उत्तर मी इंग्रजीत सांगणार.

गाडीपासून आधी काय लांब ठेवायचं? "चावी." किती वेळ थांबायचं? "धा मिनटं. घाई करनाऱ्यानं पंधरा." हातमोजे कसे तपासायचे? मामांनी मोजा एका झटक्यात गुंडाळून हवा कोंडली आणि डोळे मिटून कानाशी धरला. ट्रेनरने टाळी वाजवली. मामांनी इस्त्रीची कॉलर नीट केली.

"लास्ट क्वेश्चन," ट्रेनर म्हणाले. याला निम्मे मार्क होते. टेपच्या आत तुमचा सहकारी चुकीच्या पद्धतीने काम करतोय. तुम्हाला ते दिसतंय. तुम्ही काय कराल?

मी मराठीत सांगितलं.

मामांनी ट्रेनरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून हळूच विचारलं,

"मॅडम, खरं सांगू, का पास व्हन्यासारखं सांगू?"

"व्हॉट इज ही सेइंग?" ट्रेनरने विचारलं.

मी उभी राहिले. गुडघे टेबलाला आपटले. मग इंग्रजीत सांगितलं. सांगितलं की यांनी सहकाऱ्याला थांबवलं होतं. टेपच्या बाहेरूनच, दोनदा. सहकाऱ्याने ऐकलं नाही, उलट सगळ्यांसमोर अपमान केला, आणि गाडीचा ब्रॅकेट तोडला. वर आळ यांनी स्वतःवर घेतला आणि सहकारी गप्प बसला.

"हू इज धिस कलीग?"

मी हात वर केला.

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच. ट्रेनर हसले नाहीत. त्यांनी कागदावर मामांच्या नावासमोर टिक केली. मोठी, पान फाटेल अशी.

मामा घाबरले होते. "काय सांगितलंत? सगळी का हसली? चुकलं का माझं?"

"नाही मामा. तुम्ही पास झालात. मी खरं सांगितलं. ब्रॅकेट मी तोडला ते."

मामांचा चेहरा पडला. ते वळून मागच्या रांगेकडे बघायला लागले.

"आवो मॅडम, मंग मी खोटं बोललो त्ये साहेबांना कळलं की!"

आपटे सर मागूनच म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "त्याच दिवशी कळलं होतं हो मामा. तीस वर्षांत तुमच्या हातून एक क्लिप तुटलेली पाहिली नाही मी. ही पोरगी कधी बोलते, एवढंच बघत होतो."

सगळ्या माना मागे वळल्या.

ट्रेनरने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ट्रान्सलेट, प्लीज."